रंगपटातून उत्तरं: टोप उतरवल्यावर

गेल्या अंकात सदराच्या शेवटी मी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘हाऊ टू गेट अवे विथ मर्डर’ या अमेरिकन मालिकेत काळी अभिनेत्री व्हायोला डेव्हिस रात्री आरशासमोर बसते, दागिने उतरवते, डोक्यावरचा केसांचा टोप काढून ठेवते, खोट्या पापण्या सोडवते आणि चेहरा पुसत जाते. टोपाखाली तिचे आखूड, घट्ट कुरळे केस असतात. पुण्यात छत्तीस वर्षं नाटकांची आणि मालिकांची केशभूषा केल्यावर मी एवढंच म्हटलं होतं, की टोप उतरवण्याला इतकी किंमत असू शकते हे मला त्या प्रसंगाने दाखवलं. त्यावर आलेली पत्रं टेबलावर आहेत. गजरा कसा टिकवायचा, गंगावन कुठे मिळेल हे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवते आणि याच पत्रांना उत्तरं देते.

माझी नात न्यू जर्सीत असते. ती सांगत होती, तिकडे ‘एमॉस अँड अँडी’ नावाची विनोदी मालिका काळ्या लोकांच्याच विरोधामुळे बंद झाली. पण त्यात कामं करणारेही काळेच होते म्हणे. मग आपल्याच कलावंतांना विरोध कशासाठी? (निवृत्त शिक्षिका, नारायण पेठ)

बाई, याचं उत्तर रेडिओपासून सुरू करायला हवं. १९२८ साली फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कोरेल या दोन गोऱ्या माणसांनी एमॉस आणि अँडी ही पात्रं रेडिओवर आणली. पात्रं काळी, आवाज गोऱ्यांचे, बोलणं मुद्दाम मोडकंतोडकं. कार्यक्रम तुफान लोकप्रिय झाला. पुढे ‘ब्यूला’ नावाची एक मोलकरीण रेडिओवर आली, तर ती मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष करायचा. स्टुडिओत तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा आणि एकदम वळून त्या बाईच्या आवाजात बोलायचा. लोक हसून लोटपोट व्हायचे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बालगंधर्व आठवले. आपल्याकडेही पुरुषाने बाई केलीच की, आणि आपण त्यांना डोक्यावर घेतलं. दोन दिवस हा विचार माझ्या मनातून जाईना. मग फरक दिसला. बालगंधर्व जसं नेसत तसं नेसायला, जसा अंबाडा घालत तसा घालायला घराघरातल्या बायका शिकल्या. खऱ्या बाईला तेव्हा रंगमंचावर जागा नव्हती, हा अन्याय तिथेही होता, तो मी झाकत नाही. पण त्या सोंगात बाईला सुंदर, प्रतिष्ठित करण्याची ओढ होती. ब्यूलाचा आवाज ऐकून आपण तिच्यासारखं व्हावं असं कुणाला वाटावं, यासाठी ते सोंग घेतलेलंच नव्हतं.

१९५१ साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीने एमॉस आणि अँडी टीव्हीवर आणले. आता चेहरे दिसणार, म्हणून काळे नट घेतले: अल्विन चाइल्ड्रेस, स्पेन्सर विल्यम्स, टिम मूर. लेखणी मात्र गोऱ्यांच्याच हातात राहिली. एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संस्थेने लगेच विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, यातला काळा वकील भित्रा आणि लबाड, काळा डॉक्टर भोंदू, बाकीचे आळशी आणि फसवे. बाई, तुम्ही शाळेत शिकवलंय, तुम्हाला हे पटकन कळेल. पन्नास वकिलांतला एक लबाड दाखवला तर काही बिघडत नाही. पण टीव्हीवर काळा वकील एवढा एकच, आणि तोच लबाड असेल, तर ज्या गोऱ्या घरात काळा माणूस कधी पाहुणा म्हणून आला नाही तिथे तीच ओळख पक्की होते. विरोध या गोष्टीला होता, नटांना नव्हता.

नटांचं दुःख वेगळंच होतं. स्पेन्सर विल्यम्स हा साधा नट नव्हता, १९४०च्या दशकात त्याने काळ्या प्रेक्षकांसाठी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले होते. टीव्हीवर तो अँडी झाला तेव्हा गॉस्डेन त्याला काळा माणूस कसा बोलतो हे शिकवू लागला. विल्यम्सने पुढे सांगितलं, की मी त्याला म्हटलं, मी जन्मभर काळाच आहे, ते मला ठाऊक आहे. हा प्रसंग मी अनेक तरुण दिग्दर्शकांना सांगितलाय. मावळातली बाई कशी बोलते हे मावळातून आलेल्या नटीलाच शिकवणारे मी तालमीत पाहिलेत.

‘ब्यूला’ही १९५० साली टीव्हीवर आली. आधी एथेल वॉटर्स, मग हॅटी मॅकडॅनियल, मग लुईस बीव्हर्स अशा तिघींनी ती केली. हॅटी मॅकडॅनियल म्हणजे ऑस्कर मिळवणारी पहिली काळी कलावंत. १९४० साली तो पुरस्कार घ्यायला गेली तेव्हा तिला इतर कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. आयुष्यभर मोलकरणीच केल्या म्हणून तिला बोल लावणारे होते, आणि तिचं म्हणून एक उत्तर सांगतात, की आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं काम करेन. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. विरोध करणाऱ्यांचंही बरोबर होतं. ‘एमॉस अँड अँडी’ १९५३ मध्ये थांबली, जुने भाग मात्र १९६६ पर्यंत दाखवत राहिले. चाइल्ड्रेसला पुढे फार कामं मिळाली नाहीत. ज्यांनी ते लिहिलं आणि ज्यांनी ते विकलं त्यांचं काही अडलं नाही, हे मला टोचतं.

माझ्या वडिलांकडे नॅट किंग कोलच्या तबकड्या होत्या. त्याचा टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम होता असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तो लवकर का संपला? (कर्वेनगर)

कोल काळा गायक, त्याला जाहिरातदार मिळाला नाही म्हणून. नोव्हेंबर १९५६ मध्ये एनबीसी वाहिनीवर कार्यक्रम सुरू झाला, आधी पंधरा मिनिटांचा, पुढे अर्ध्या तासाचा. गाणं उत्तम, पाहुणे एकाहून एक. गायिका एला फिट्झजेराल्ड आली, हॅरी बेलाफाँते हा काळा गायक आला. कार्यक्रम टिकावा म्हणून मोठमोठे कलाकार नाममात्र पैशांत येत होते. पण देशभर चालणारा एकही मोठा ब्रँड त्याला आपलं नाव द्यायला तयार झाला नाही. दक्षिणेतल्या राज्यांत आपला माल खपणार नाही अशी भीती होती. डिसेंबर १९५७ मध्ये कोलने स्वतःच थांबायचं ठरवलं. जाहिरात कंपन्यांची न्यूयॉर्कमधली पेठ म्हणजे मॅडिसन अॅव्हेन्यू. ती ‘डार्क’ला, म्हणजे अंधाराला आणि काळ्या रंगालाही, घाबरते, असं तो म्हणाला. कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, म्हणजे १९५६च्या एप्रिलमध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात भर कार्यक्रमात काही गोऱ्यांनी स्टेजवर चढून त्याच्यावर हल्ला केला होता. तोच माणूस सहा-सात महिन्यांनी कॅमेऱ्यासमोर सूट घालून, शांत चेहऱ्याने प्रेमगीतं गात उभा राहिला. तुमच्या वडिलांच्या तबकड्या असतील तर त्या वेळचा त्याचा आवाज पुन्हा एकदा ऐका.

बेलाफाँतेचं नाव आलंच आहे तर एक सांगते. १९६८ साली पेटुला क्लार्क या गोऱ्या ब्रिटिश गायिकेच्या कार्यक्रमात दोघं युद्धाविरुद्धचं एक गाणं गात होते. गाता गाता तिने त्याच्या दंडाला हात लावला. प्रायोजक मोटार कंपनीच्या अधिकाऱ्याने चित्रीकरण पुन्हा करा म्हणून हट्ट धरला. तिने ऐकलं नाही. उलट दुसऱ्या सगळ्या टेक नष्ट करायला लावल्या, म्हणजे दाखवायला तेवढीच एक उरावी. दंडावर हात, एवढंच. तुम्ही-आम्ही युगुलगीतात याहून जवळ उभे राहतो.

आई म्हणते, तिच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं आणि त्यात एक काळी बाई यानात अधिकारी असायची. मी ती मालिका आता पाहते आहे. तिला बोलायला इतकं कमी का आहे? (दहावीतली विद्यार्थिनी, बिबवेवाडी)

तुझी नजर चांगली आहे. त्या बाईचं नाव निशेल निकल्स आणि पात्राचं नाव उहुरा. स्वाहिली भाषेत ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून ते घेतलं. आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचो आणि रविवारी सकाळी मालकांच्या घरी सगळी पोरं टीव्हीसमोर फतकल मारून बसायची. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. माझं लक्ष तिच्या केसांकडे. इतका गुळगुळीत, उंच बसवलेला केशसंभार यानात ढळत कसा नाही, याचंच मला नवल. तो टोप असायचा हे खूप वर्षांनी कळलं.

तिला संवाद कमी होते हे तिलाही खुपत होतं. पहिल्या वर्षानंतर ती सोडून ब्रॉडवेच्या रंगभूमीवर जायला निघाली होती. तेवढ्यात एनएएसीपीच्या एका समारंभात तिची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. तिने स्वतः अनेकदा सांगितलं आहे, की किंग म्हणाले, तू सोडू शकत नाहीस. घरात मुलांना बघू देतो अशा थोड्या कार्यक्रमांत ही मालिका आहे आणि तू त्यात कुणाची नोकर नाहीस, तू अधिकारी आहेस. ती राहिली. पुढे अभिनेत्री झालेली व्हूपी गोल्डबर्ग त्या वेळी लहान मुलगी होती. टीव्हीवर एक काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही, असं ओरडत ती घरभर पळाली होती, हे तिने मोठेपणी सांगितलं.

पुढची गोष्ट तुला वर्गात सांगता येईल. १९७७ पासून नासाने अवकाशवीरांच्या भरतीत बायका आणि काळे तरुण यावेत म्हणून निकल्सची मदत घेतली. ती गावोगाव जाऊन बोलली. १९९२ मध्ये मे जेमिसन ही अवकाशात गेलेली पहिली काळी अमेरिकन स्त्री ठरली, आणि उहुराला पाहून आपण मोठे झालो असं तिने सांगितलं. दुसऱ्या वर्षी ती स्वतः ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत एका भागात दिसली. म्हणजे संवाद थोडेच होते, पण त्या खुर्चीवर ती बसलेली दिसणं लाखो घरांत पोचलं. तरी तुझा प्रश्न सोडू नकोस. पुढच्या वेळी कुठलीही मालिका पाहताना कोण किती वाक्यं बोलतं ते वहीत मोजून बघ.

मुलांच्या कार्यक्रमांतही असे वाद झाले का? (सिंहगड रोड)

झाले. आपल्याकडे ‘गल्ली गल्ली सिम सिम’ म्हणून जे आलं त्याचं मूळ ‘सेसमी स्ट्रीट’ १९६९ मध्ये सुरू झालं. त्यात गॉर्डन आणि सुझन हे काळं जोडपं होतं, आणि गल्लीतली सगळी मुलं एकत्र खेळायची. १९७० साली मिसिसिपी राज्याच्या टीव्ही मंडळाने ते दाखवायचं नाही असं ठरवलं, कारण काळी-गोरी मुलं एकत्र. बातमी फुटली, देशभर ओरड झाली आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला.

टोपाचं तुम्हाला एवढं काय? मी आयटीत आहे, ती मालिका मीही पाहिली. मला तो प्रसंग चांगला वाटला, पण क्रांती वगैरे वाटली नाही. (औंध)

तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे, कारण त्या डोक्याला रोज काय करावं लागतं ते तुमच्या हाताखालून गेलेलं नाही. माझ्या गेलं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

घट्ट कुरळे केस सरळ करायचे तर दोन मार्ग. एक, धातूचा कंगवा शेगडीवर तापवून केसांतून ओढायचा. कानाची पाळी आणि मानेची कातडी भाजते. दुसरा, कॉस्टिकसारख्या क्षाराचं मलम लावायचं. ते मिनिटभर जास्त राहिलं की टाळूवर फोड. अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या कित्येक पिढ्यांनी हे केलं, कारण कुरळे केस घेऊन ऑफिसात, बँकेत, शाळेत गेलं तर ‘नीटनेटकं’ मानत नसत. २०१९ साली कॅलिफोर्नियाला कायदा करून सांगावं लागलं, की केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून कुणाला कामावरून किंवा शाळेतून हटवायचं नाही. विचार करा, केसांच्या ठेवणीसाठी कायदा.

आता टीव्ही. १९६३ मध्ये सीबीएसवर ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ नावाची मालिका आली. न्यूयॉर्कमधल्या समाजसेवकांवर होती, त्यात सिसिली टायसन ही काळी अभिनेत्री ऑफिसातल्या सेक्रेटरीचं काम करत असे. तिने त्यात आपले आखूड कापलेले कुरळे केस तसेच ठेवले. टोप नाही, तापलेला कंगवा नाही. तोपर्यंत अमेरिकेतल्या टीव्ही मालिकेत असं क्वचितच कुणी पाहिलं असेल. तिने पुढे मुलाखतीत सांगितलं, की तिला केशकर्तनवाल्या बायकांची पत्रं आली: तुमच्यामुळे आमचा धंदा बसतोय, गिऱ्हाइकं येऊन म्हणतात की टीव्हीवरच्या त्या मुलीसारखे कापून द्या. माझ्या धंद्यातल्या बायकांची ती तक्रार मी अनेकदा वाचली. एका नटीच्या केसांनी दुकानांची उलाढाल हलते, इतकी टीव्हीवरची ती खुर्ची ताकदवान असते.

याच टायसनने १९७४ मध्ये ‘ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ या टीव्हीपटात गुलामगिरीत जन्मलेली बाई तरुणपणापासून एकशे दहा वर्षांची होईपर्यंत केली. स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर या रंगभूषाकारांनी ते वार्धक्य तिच्या चेहऱ्यावर चढवलं, आणि त्यांना एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, तिलाही मिळाला. शेवटी ती म्हातारी काठी टेकत, एक एक पाऊल टाकत, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पाण्याच्या नळापाशी जाते आणि पाणी पिते. जमलं तर बघा. सुरकुत्यांचं काम मी थांबवून थांबवून पाहिलंय. ओठांच्या कडेला जो थरथराट दिसतो तो रबराचा नाही, तिचा आहे.

मधल्या काळात, १९६८ मध्ये, ‘ज्युलिया’ आली. डायान कॅरोल नर्सच्या भूमिकेत, एका मुलाची आई, नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला. काळी बाई नायिका आणि मोलकरीण नाही, म्हणून तिची बाहुलीसुद्धा निघाली, नर्सच्या पोशाखातली. पण त्याच वर्षी काळ्या-गोऱ्यांच्या संघर्षात अमेरिकेची शहरं पेटली होती आणि ज्युलियाचा फ्लॅट लख्ख, केस गुळगुळीत. लोक म्हणाले, ही आमची बाई नाही. कॅरोलला हे टोमणे खूप लागले. मला तिची बाजूही दिसते. एकटीने सगळ्यांचं ओझं उचलायचं, आणि चूक झाली तर तिचीच.

दिव्यांचंही असंच. फिल्मच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं छायाचित्र नमुना म्हणून ठेवत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. रंगीत टीव्हीचे कॅमेरेही सुरुवातीला गोऱ्या मुलीला समोर बसवून जुळवले. मग गडद कातडी कॅमेऱ्यात मातकट दिसली की दोष कातडीचा! ‘इनसिक्युअर’ या इसा रेच्या मालिकेत (२०१६ ते २०२१) छायाचित्रकार एव्हा बर्कॉफस्की यांनी चेहऱ्यावर थेट दिवा न मारता मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावरून प्रकाश परतवून घेतला, आणि कातडीला थोडं ओलसर तेज ठेवलं, म्हणजे ती प्रकाश उचलते. आमचा जुना लाइटमन भिंतीवर थर्माकोलची शीट टेकवून हेच करायचा. ज्ञान होतंच, वापरायची इच्छा हवी.

म्हणून व्हायोला डेव्हिस. तिने काम स्वीकारतानाच अट घातली, की घरात एकटी असताना ही बाई टोप काढेल. कारण खरी बाई झोपताना काढतेच. २०१४ साली तो भाग लागला, आणि २०१५ मध्ये नाट्यमालिकेतल्या प्रमुख भूमिकेसाठी एमी मिळवणारी ती पहिली काळी अभिनेत्री ठरली. टायसननेच त्या मालिकेत तिच्या आईची भूमिका केली. आणि एका भागात ती आई जमिनीवर बसलेल्या या मुलीचे केस विंचरते. तुम्ही ती मालिका पाहिलीच आहे, तर तेवढा एक प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त हातांकडे बघा.

‘द कॉस्बी शो’ आता पाहावा की नाही? (प्रभात रोड)

त्या मालिकेचा नायक बिल कॉस्बी याच्यावर अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला, २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने कायदेशीर कारणावरून ती शिक्षा रद्द केली. मी त्या स्त्रियांवर विश्वास ठेवते आणि मला तो चेहरा आता पाहवत नाही. तुम्ही तुमचं ठरवा. त्याच मालिकेतून निघालेली ‘अ डिफरंट वर्ल्ड’ मात्र जरूर पाहा. काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजातलं जग आहे, आणि दुसऱ्या वर्षापासून डेबी अॅलन या बाईंनी सूत्रं हातात घेतल्यावर ती मालिका खरोखर उभी राहिली.

मराठी मासिकात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं इतकं कौतुक कशाला? आपल्याकडे मालिकेत सावळी मुलगी नायिका म्हणून कोण घेतं, त्यावर लिहा. (येरवडा)

आधी तुमच्या पहिल्या वाक्याला उत्तर. याच पुण्यात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. गंज पेठेतल्या वाड्यात बसून त्यांना ती माणसं आपली वाटली. त्यामुळे हा विषय मी बाहेरून आणलेला नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य. ते माझ्या जिव्हारी लागलं, आणि त्याचं उत्तर मी टाळत आले आहे. काही वर्षांपूर्वी एका मालिकेच्या चित्रीकरणाला मी होते. कथा सावळ्या मुलीची. रंगावरून तिला हिणवतात आणि ती जिंकते, अशी. नायिका निवडली ती गोरी. रोज सकाळी तिच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर तीन शेड गडद बेस चढायचा. कानामागे स्पंज नीट पोचला नाही की तिथली गोरी पट्टी दिसायची, आणि ती झाकायला मी तिच्या बटा कानावर ओढून आकडे लावायचे. ते माझं काम होतं. त्याच रंगपटात कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची, साताऱ्याकडून आलेली, खरीखुरी सावळी, नाकीडोळी नीटस, ललित कला केंद्रात शिकलेली. तिला मैत्रिणीची भूमिका होती, आठवड्याला दोन प्रसंग. तिला बेस लागायचा तो दोन शेड उजळ, कारण नायिकेपेक्षा ती गडद दिसून चालणार नव्हतं. एका आरशात एकीला काळं करत होते आणि दुसऱ्या आरशात दुसरीला गोरं, आणि मी दोघींच्या मध्ये कंगवा घेऊन उभी होते. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बायकांना वर्षानुवर्षं संघटनेचं केशभूषेचंच कार्ड मिळे, रंगभूषेचं नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडली. माझ्या पिढीला पडलेली सवय होती, की चेहरा आपल्या अखत्यारीत नाही, आपण केसांपुरतं बघायचं. पण ही सवय मी कारण म्हणून पुढे करणार नाही.

अमेरिकेतल्या एका नटीने काय केलं ते याच्या शेजारी ठेवते. १९७४ साली ‘गुड टाइम्स’ ही मालिका सुरू होताना एस्थर रोल या काळ्या नटीला शिकागोच्या वस्तीतल्या गरीब आईची मुख्य भूमिका देऊ केली. लेखनात ती एकटीने मुलं वाढवणारी होती. रोल म्हणाली, या कुटुंबात बाप असेल तरच मी करेन. काळ्या घरात बाप नसतोच, हे दाखवणं तिला मान्य नव्हतं. बाप लिहिला गेला, जॉन एमॉसने तो केला. पुढे लेखकांनी थोरल्या मुलाचा नुसता विदूषक केला, तेव्हा रोल आणि एमॉस दोघांनी जाहीर नाराजी दाखवली. एमॉसला १९७६ मध्ये काढलं, रोल १९७७ मध्ये स्वतः बाहेर पडली. शेवटच्या वर्षी ती परतली, तीही मुलाचं पात्र सुधारण्याचं कबूल करून घेऊन. बोलण्याची किंमत दोघांनी मोजली. तरी बोलले.

साताऱ्याची ती मुलगी आता प्रायोगिक नाटकं करते. गेल्या वर्षी सुदर्शन रंगमंचावर तिचा प्रयोग पाहिला. चेहऱ्यावर काहीही लावलेलं नव्हतं. प्रयोगानंतर मी तिला भेटले आणि जे तेव्हा बोलायला हवं होतं ते बोलले. ती म्हणाली, “ताई, मला आठवतंय, तुम्ही मला रोज चहा आणून द्यायचात.” त्यावर मला काही सुचलं नाही.

मी कॉलेजच्या एकांकिकेत बेचाळीसच्या चळवळीतल्या खेड्यातल्या मुलीचं काम करते आहे. माझे केस खूप कुरळे आहेत. दिग्दर्शक म्हणतो, सरळ करून ये, गावाकडची वाटत नाहीस. काय करू? (हडपसर)

सरळ करू नकोस. खेड्यांत कुरळे केस नसतात हे त्याला कुणी सांगितलं? माझी आजी भोरची, तिच्या कपाळावरच्या बटा तेल लावूनही बसत नसत. हे त्याला सांग. ऐकलं नाही तर सिसिली टायसनचं सांग.

आता कामाचं. प्रयोगाच्या आदल्या रात्री डोकं धू. केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जा, कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. पंचाने खसाखसा पुसू नकोस, जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिप. जवस उकळून गाळलेला चिकट रस थोडा तळहातावर घेऊन केसांच्या लांबीला लाव आणि हात न लावता वाळू दे. सकाळी थोडं खोबरेल घे, मधोमध भांग पाड, मागे सैल खोपा घाल आणि कपाळावरच्या बटा सुटल्या तर सुटू दे. पळण्याचा प्रसंग असेल तर खोप्याला आतून दोरा बांध, नुसत्या आकड्यांवर भरवसा ठेवू नकोस. भरत नाट्य मंदिरात प्रयोग असेल तर प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला सांग, मागून उंचावरून एक पिवळट स्पॉट घे. कुरळ्या केसांच्या कडांवर तो असा धरतो, की शेवटच्या रांगेलाही तुझं डोकं दिसतं. रंगीत तालीम कधी आहे ते कळव, मी येते. आकडे वीस-पंचवीस तरी आणून ठेव, काळे, मॅट, चकाकणारे नकोत.